निळ्या शालीतली दमलेली बाई

विजू,

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि अजून तुला अग्नी मिळालेला नाही. क्रिमेटोरियमची वेळ मिळाली आहे ती येत्या मंगळवारची, सकाळी साडेअकराची. तुझा तेरावा दिवस तू कार्डिफच्या एका फ्यूनरल होमच्या थंड खोलीत काढलास. आता दिवस कसे मोजायचे, म्हणून मी लंडनजवळच्या पिनरच्या गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "अग्नीपासून मोजा ताई, इकडे सगळे तसंच करतात." म्हणजे गुरुजींच्या मते तू अजून पुरती गेलेलीच नाहीस. हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. मला हसायलाही त्राण नाही.

केतकीने मला मंगळवारी पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. तुझी लेक कमी बोलते, पण जे बोलते ते पक्कं असतं. "काकू, तुम्ही आणि आई दर थर्सडेला म्युझियममध्ये ते पेंटिंग बघत होता ना, त्याबद्दल बोला. तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही." त्या चित्रापुढे मी वर्षानुवर्षं बोलत आले आहे, न बघता बोलू शकते. तरी चार दिवस कागद पुढे घेऊन बसले आहे आणि एक ओळ सुचत नाही. त्याचं कारण तुला माहीत आहे, असं मी इतके दिवस समजत होते. तुला अर्धंच माहीत होतं, हे मला रविवारी कळलं.

पहिला गुरुवार आठवतो का तुला? मी म्युझियमची व्हॉलंटिअर गाइड झाले होते आणि तू हॉस्पिटलातून नुकती रिटायर झाली होतीस. अकराच्या टॉकला चार माणसं होती. त्यातली दोन हीटरजवळ उभं राहायला आलेली, एक चुकून आलेला आणि एक तू. मी पुण्याच्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी ताठ उभी राहून बोलत होते. इटलीतल्या कुठल्याशा कार्यशाळेतलं चित्र, चित्रकाराचं नाव माहीत नाही. निळी शाल डोक्यावरून घेतलेली मेरी, दगडी कठड्यावर पांढऱ्या कापडावर बसवलेलं बाळ, बाळाच्या गळ्यात पोवळ्यांची माळ, मुठीत एक छोटा पक्षी. मी एकेक खूण सोडवून दाखवत होते. हा पक्षी काटेरी झुडपांत राहतो, म्हणून तो पुढे येणाऱ्या काटेरी मुकुटाची खूण. पोवळं लाल, म्हणजे रक्त. कठडा म्हणजे थडगं, पांढरं कापड म्हणजे कफन. आणि आई बाळाकडे न बघता बाजूला, खाली बघते, कारण या मुलाचं पुढे काय होणार ते तिला आधीच ठाऊक आहे.

प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर तू हात वर केलास आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणालीस, "शैला, हिने बाळाची मान धरली नाही गं." मी इंग्रजीत सांगितलं की हा चित्रशैलीचा भाग आहे. तू ऐकायला तयार नव्हतीस. जन्मभर काचेच्या पेटीतली, हातभरसुद्धा नसलेली बाळं सांभाळलेली डॉक्टर तू, चित्रातल्या बाळालाही तपासूनच घेतलंस. बाळ तीन महिन्यांचं म्हणून रंगवलंय पण बसतं आठ महिन्यांच्या बाळासारखं, असं काहीतरी म्हणालीस. आणि बाहेर पडताना सहज बोललीस, "पोवळं दृष्टीसाठी असतं. केतकीलाही होतं, सासूबाईंनी घातलेलं."

त्या काळात इटलीतल्या आयाही दृष्ट लागू नये म्हणूनच बाळांना पोवळं घालत, हे माझ्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. तुला सांगितलं दोन महिन्यांनी, तेही तू पुन्हा विचारलंस म्हणून. असा माझा स्वभाव, आणि तू तो चालवून घेतलास.

आपल्याकडचा कोणीही पाहुणा त्या चित्रापुढे नेला की तो यशोदा म्हणायचा. तू कधी म्हणाली नाहीस. तुझं एकच म्हणणं होतं आणि ते तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. "बाई दमली आहे, शैला. बाकी काही नाही."

त्यावर आपण किती भांडलो. मी पक्षी काढायचे, कठडा काढायचे, कफन काढायचे. तू तिच्या डोळ्यांखाली बोट दाखवायचीस, इतकं जवळून की गार्ड खाकरायचा. "मी रडणाऱ्या आया पाहिल्या आहेत. त्यांचे ओठ आवळलेले असतात. हिचे बघ, सैल आहेत. दर तीन तासांनी पाजणाऱ्या बाईचा चेहरा आहे हा. तू काहून हिला दुःखी करून राहिली?" मग मी म्हणायचे, पाचशे वर्षं विद्वान लोक जे म्हणत आले ते सगळं चूक आणि नागपूरची विजू बरोबर. तू म्हणायचीस, त्यातल्या किती विद्वानांनी बाळ झोपवलं होतं ते सांग. मग आपण खालच्या कॅफेत सूप घ्यायचो आणि तू पर्समधून फॉइलमधली, कोथिंबीर भरलेली सांबारवडी काढायचीस. बाहेरचं खाणं चालत नाही अशी पाटी होती, तिच्याच खाली बसून आपण खायचो.

तुझे बुधवार मी विसरलेले नाही. माझ्या सासूबाईंना विसरण्याचा आजार झाला आणि गुरुवारी सकाळी कौन्सिलची बाई यायची तेवढं सोडलं तर घरातून पाय काढणं अशक्य झालं, तेव्हा तू न विचारता बुधवारी दुपारी येऊ लागलीस. तू त्यांच्याजवळ बसायचीस, त्या तुला कधी धाकटी जाऊ समजायच्या, कधी शाळेच्या बाई, आणि तू दोन्ही व्हायचीस. तेवढ्या तीन तासांत मी लायब्ररीत जाऊन ती जाडजूड पुस्तकं वाचायचे. तुझ्या बुधवारांवर मी जे शिकले, ते सगळं गुरुवारी तुझ्याविरुद्ध वापरलं.

आणि मग तो फेब्रुवारीतला गुरुवार. त्या वेळी मी फार खुशीत होते, कारण मला पुरावा सापडला होता. चित्राच्या रंगाखालचं दाखवणारा एक फोटो म्युझियमने काढला होता. त्यात दिसत होतं की चित्रकाराने आधी आईचे डोळे बाळाकडे वळलेले रंगवले होते. नंतर ते पुसून बाजूला वळवले. मी बारा-पंधरा माणसांसमोर तो फोटो धरला आणि म्हटलं, बघा, त्याने मुद्दाम तिची नजर काढून घेतली, तिला पुढचं दिसतंय म्हणून. सगळे गप्प झाले. मला हवी होती तशीच शांतता होती. आणि मागून तुझा आवाज आला, इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून, "ऑर शी हॅड बीन लुकिंग ॲट हिम ऑल डे." माणसं हसली. अगदी मनापासून हसली, आणि नंतर जाताना दोघी-तिघी तुझ्याशीच बोलून गेल्या.

कॅफेत तू वडी पुढे केलीस. मी घेतली नाही. मी म्हणाले, "आई बाळाकडे बघताना तिला काय दिसतं ते तुला काय कळणार, विजू? तू तर अकरा महिन्यांच्या मुलीला सोडून आलीस."

तू फॉइलची घडी घातलीस. एकदा, दोनदा, तीनदा, अगदी बारीक चौकोन होईपर्यंत. ते पर्समध्ये ठेवलंस आणि विचारलंस, "तुझी बस किती वाजता आहे?"

केतकीला नागपूरला ठेवून तू का आलीस ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तू आणि अरुण, नवरा-बायको दोघंही हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या एका खोलीत, दोघंही आळीपाळीने ऑन-कॉल, परीक्षा डोक्यावर. तेव्हा आलेल्या कितीतरी डॉक्टरांनी हेच केलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या ठेव माझ्याकडे, तू ठेवलीस, आणि एका वर्षाची तीन वर्षं झाली. त्याबद्दल तू कधी बोलायची नाहीस. नेमकं तेच मी उचललं, कारण मला ठाऊक होतं की तिथे तुझ्याकडे उत्तर नाही.

दोन महिने तू आली नाहीस. मग एका गुरुवारी बाकावर तुझ्या नेहमीच्या जागी बसलेली दिसलीस. टॉक झाल्यावर वडी काढलीस आणि विचारलंस, "सासूबाई कशा आहेत?" मी म्हटलं, ठीक. त्यानंतर चार वर्षं आपण त्या चित्रावर पुन्हा भांडलो, पण तू आवाज चढवणं सोडून दिलं होतंस. मला ते कळत होतं. दर गुरुवारी वाटायचं, आज बोलू.

तुझं आजारपण आठ महिन्यांचं. मी आठवड्यातून दोनदा तुझ्याकडे येत होते, तुझे केस धुवत होते, तोंडात चमच्याने पाणी घालत होते, आणि बसमध्ये येताना जाताना एकच वाक्य पाठ करत होते. हॉस्पिसमध्ये एका दुपारी मी सुरुवातही केली. "विजू, त्या दिवशी कॅफेमध्ये मी," इतकं म्हणाले आणि तू म्हणालीस, "पाय जरा वर घे गं माझे." मी उशी सरकवली, पाय वर घेतले, घोटे चोळले. तू डोळे मिटून घेतलेस. तुला खरंच पाय वर हवे होते की मला थांबवायचं होतं, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते.

रविवारी केतकी ब्रिस्टलहून आली. तुझं घर आवरताना तिला एक बिस्किटांचा डबा सापडला होता, तो घेऊन आली. "काकू, हा डबा आईच्या कपाटात होती." तिचं मराठी अजून असंच अडखळतं. डबा पोस्टकार्डांनी गच्च भरलेला. सगळ्या मेरी आणि बाळ, निळ्या शाली, हिरवे पडदे, डाळिंबं, पक्षी. हॉस्पिटलजवळच्या म्युझियमच्या दुकानातून घेऊन तू दर रविवारी एक नागपूरला पाठवत होतीस आणि तुझ्या सासूबाईंनी एकही टाकून दिलं नव्हतं. मागे बारीक अक्षरांत त्यांच्यासाठी मजकूर, लस कुठली राहिली, खोकल्यावर काय द्यायचं. आणि तळाशी मोठ्या अक्षरांत मुलीसाठी एकच ओळ, जवळजवळ प्रत्येक कार्डावर तीच. केतू, आईला आज झोप आली आहे, तूही झोप.

म्हणजे तू ही चित्रं माझ्याआधी कितीतरी वर्षं बघत होतीस. पहिल्या गुरुवारी मी तुला कठडा म्हणजे काय ते शिकवत होते.

केतकी म्हणाली, "आईचं फेव्हरिट कुठलं ते तुम्ही सांगा, मी ते तिच्याबरोबर कॉफिनमध्ये ठेवणार. आणि ट्यूजडेला तुम्ही बोलाल ना?" मी म्हटलं, मी नाही बोलू शकत. मग तिला सगळं सांगितलं, कॅफे, फॉइल, आणि ते वाक्य जसंच्या तसं. ज्या मुलीबद्दल ते वाक्य होतं तिलाच सांगत होते.

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तुझ्यासारखीच, आधी तपासते आणि मग तोंड उघडते. मग म्हणाली, "एअरपोर्टचं तुम्हाला आईने कधी सांगितलं नाही?"

"नाही."

"आजी मला दर वेळी पोस्टकार्ड दाखवायची ना. आईचं पत्र आलं, आईला नमस्कार कर. पण ती पिक्चरची साइड माझ्याकडे धरायची आणि स्वतः मागचं वाचायची. सो आय थॉट, हीच आई. ब्लू शॉलवाली. घरात आईबाबांचा वेडिंग फोटो होता, पण त्यात आईचा तोंड मुंडावळ्यांत झाकलेला होता. मला वाटायचं ती कोणीतरी दुसरी."

मी डब्यातलं एक कार्ड चित्राच्या बाजूने वळवलं.

"मी चार वर्षांची होते. आजी मला घेऊन लंडनला आली. आणि एक बाई पळत आली, अशी मोठ्याने हसत, हात पसरून. मी इतकी किंचाळले, द होल प्लेस टर्न्ड राउंड. मी आजीला म्हटलं, ही नाही. माझी आई हसत नाही."

"मग?"

"मग आई खाली बसली. फ्लोअरवर, सगळ्या बॅगांच्या मध्ये. शी वॉज स्ट्रेट ऑफ अ वीकेंड ऑन कॉल, दोन दिवस झोपली नव्हती. तिने हसणं बंद केलं, दॅट्स ऑल. माझ्याकडे बघितलं पण नाही, खाली बाजूला बघत बसून राहिली. आणि तो फेस मला माहीत होता. आय वॉक्ड ओव्हर अँड सॅट ऑन हर."

विजू, तू हे मला एका वाक्यात सांगू शकली असतीस. त्या फेब्रुवारीत, कॅफेत, फॉइलची घडी घालता घालता. माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. अकरा वर्षं मी तुला तुझाच चेहरा समजावून सांगत होते, आणि तू बाकावर बसून ऐकत होतीस. मला राग येतोय तुझा. इतकं चांगलं असू नये माणसाने, मागे राहणाऱ्याचे हाल होतात.

तुझी बाजू मला आता दिसते. ती बाई दुःखी आहे, तिला बाळ जाणार हे ठाऊक आहे, असं मी दर गुरुवारी म्हणत होते, आणि तुला ते नको होतं. तुझं बाळ तुझ्यापासून गेलं होतं आणि परतही आलं होतं, ते तुझ्या दमलेल्या चेहऱ्याला ओळखून आलं. तुझ्यासाठी त्या चित्रात पुढचं मरण नव्हतं. विमानतळावरची फरशी होती आणि मांडीवर येऊन बसलेली चार वर्षांची मुलगी होती.

आणि मग केतकीने दुसरी गोष्ट सांगितली. "तुम्ही जे म्हणालात ना, ते आईने मला सांगितलं होतं. त्याच दिवशी, फोनवर. आय वॉज फ्यूरियस. पण ती म्हणाली, शैला वाईट नाही, दमली आहे. तिच्या सासूबाई तिला झोपू देत नाहीत. तू हा विषय तिच्यापाशी कधी काढायचा नाही."

केतकी ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. तिने माझा हातही धरला. मी मान हलवली आणि तिला म्हटलं, बोलेन मी मंगळवारी.

आज गुरुवार. सकाळी जाऊन आले. जायची इच्छा नव्हती. सात माणसं होती. पक्षी सांगितला, कठडा सांगितला, पोवळं सांगितलं, आणि ते दृष्टीसाठी होतं हे या वेळी पहिल्यांदा सांगितलं. शेवटी एका तरुण बाईने विचारलं, तिच्या छातीशी बाळ बांधलेलं होतं, की ही इतकी दुःखी का दिसते. मी म्हटलं, पुस्तकं म्हणतात तिला पुढचं ठाऊक आहे. पण माझी एक मैत्रीण डॉक्टर होती, ती म्हणायची की ही फक्त दमली आहे, आणि मला वाटतं तिचंच बरोबर होतं. ती बाई चित्राजवळ गेली आणि खूप वेळ उभी राहिली. मी बाकावर तुझ्या जागी बसले.

मंगळवारी हेच सांगेन. लोकांना आवडेल. कार्डही निवडलं आहे, आपल्याच चित्राचं, कोपरा दुमडलेलं. हा कागद मी पाकिटात बंद करून केतकीला देणार आहे, त्या कार्डाखाली ठेवायला. ती उघडणार नाही, तुझी मुलगी आहे. कारण यापुढचं मी तिलाही सांगितलेलं नाही.

त्या फेब्रुवारीत, त्या गुरुवारच्या आदल्या बुधवारी, मी तुला येऊ नको म्हणाले होते. नणंद आली आहे म्हणून सांगितलं. नणंद आली नव्हती. सासूबाईंना मी दोन आठवड्यांसाठी केअर होममध्ये ठेवलं होतं. सोडून निघताना त्यांनी माझी ओढणी धरली होती, ती मी सोडवून घेतली. आपल्या लोकांत बोभाटा होईल म्हणून कोणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही. तू मला माफ केलंस ते मी दमले होते म्हणून. पण तेव्हा मीच एका माणसाला सोडून आले होते, विजू, आणि रोज आठ तास झोपत होते.

चुकलं माझं.

शैला